अपील आणि स्थगिती
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या परिषदेत भाषा व गणित यांच्या अध्यापनाविषयी पुष्कळ विचारविनिमय झाला. माझा विषय थोडा निराळा आहे. न्यायालयाच्या निकालाविरुद्ध अपील केले असता त्या निकालाची अंमलबजावणी थांबते काय, हा तो विषय. हा प्रश्न वकिलांचा आहे, शिक्षकांचा नव्हे, असे आपणांस वाटेल. मलाही तसेच वाटत असे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण मुलांना शिकवितो. परंतु शाळेची इमारत, मैदान किंवा भाड्याची खोली यांच्या निमित्ताने ती पायरी कधी ना कधी चढावी लागते. अशा वेळी आपण कितव्या पायरीवर उभे आहोत, एवढे तरी आपणांस ठाऊक असले पाहिजे. ते ठाऊक नसल्यामुळे एका शाळेचे काय झाले आणि त्यात माझा दोष किती होता, हे प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या बीटातील एक शाळा जुन्या वाड्यातील भाड्याच्या खोल्यांत भरत असे. मालकीणबाई वृद्ध होत्या. त्यांनी जागा परत मिळण्यासाठी दावा लावला आणि दिवाणी न्यायालयाने ताबा देण्याचा हुकूमनामा केला. आमच्या वतीने जिल्हा न्यायालयात मुदतीत अपील दाखल झाले. मुख्याध्यापकांनी मला विचारले, "साहेब, आता पुढे काय?" मी उत्तर दिले, "गुरुजी, अपील दाखल झाले आहे. निश्चिंत असा." हे उत्तर मी कोणालाही न विचारता दिले होते.

श्रावणातील एका सकाळी न्यायालयाचा बेलीफ ताब्याचे वॉरंट घेऊन शाळेत आला. मुख्याध्यापकांनी अपिलाचा कागद पुढे केला. बेलीफ सभ्य गृहस्थ होता. तो म्हणाला, "गुरुजी, अपील आहे हे खरे, पण स्थगिती आहे काय?" या प्रश्नास गुरुजींजवळ उत्तर नव्हते. मी तासाभराने पोहोचलो, तेव्हा माझ्याजवळही नव्हते. कपाटे, नकाशे, फळे बाहेर ओटीवर आली. दुपारपासून शाळा मंदिराच्या सभामंडपात भरू लागली.

मित्रहो, दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची आहे. तिच्या एकेचाळिसाव्या आदेशातील पाचवा नियम आरंभीच सांगतो की, केवळ अपील दाखल केल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. थांबवावयाची असेल तर तसा स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि न्यायालयास पुरेसे कारण पटवून द्यावे लागते. असा अर्ज आमच्याकडून झालाच नव्हता.

नियम असा का असावा? ज्याच्या बाजूने निकाल झाला, त्याने वर्षानुवर्षे खेटे घालून तो मिळविलेला असतो. केवळ अपिलाच्या एका कागदाने त्याचे फळ हिरावले जाऊ लागले, तर हरलेला प्रत्येक पक्षकार अपील करील आणि निकालास अर्थच उरणार नाही. उलटपक्षी, अपिलाचा निर्णय होण्यापूर्वीच घर पाडले गेले, तर पुढे अपील जिंकूनही हाती काय येणार? या दोन अन्यायांच्या मधली वाट म्हणजे स्थगिती होय.

स्थगिती देण्यापूर्वी न्यायालय तीन गोष्टी पाहते. स्थगिती न दिल्यास अर्जदाराचे भारी नुकसान होईल काय? अर्ज विनाकारण विलंब न लावता केला आहे काय? आणि अपिलात हार झाल्यास हुकूमनामा पाळला जाईल, यासाठी अर्जदाराने तारण दिले आहे काय? अपिलाची मुदत संपण्यापूर्वी, ज्या न्यायालयाने निकाल दिला तेसुद्धा योग्य कारणासाठी अंमलबजावणी थांबवू शकते. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत सामान्यतः ३० दिवसांची, तर उच्च न्यायालयात ९० दिवसांची असते. निकालाची नक्कल मिळण्यास लागलेला आवश्यक काळ त्यातून वगळला जातो. तथापि अंमलबजावणी या मुदतीसाठी खोळंबून राहत नाही, हे विसरू नये.

स्थगिती बहुधा अटींसह मिळते. याचे सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण १९७५ सालचे आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी १२ जून रोजी श्रीमती इंदिरा गांधी यांची लोकसभेवरील निवड रद्द ठरविली आणि आपल्याच निकालास २० दिवसांची स्थगिती दिली. पुढे २४ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली. श्रीमती गांधी यांना पंतप्रधान म्हणून सभागृहात बसता व बोलता येणार होते. पण सदस्य म्हणून मतदान करता येणार नव्हते, की सदस्याचे वेतनही घेता येणार नव्हते. देशाच्या पंतप्रधानांनाही स्थगिती मागावी लागली आणि मिळाली तीही अटींसह, एवढा बोध आपणांस पुरे. त्या अपिलाचा अंतिम निकाल ७ नोव्हेंबर १९७५ रोजी त्यांच्या बाजूने झाला.

भाड्याच्या जागेसंबंधीही असाच दंडक आहे. आत्माराम प्रॉपर्टीज या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००४ मध्ये सांगितले की, जागा सोडण्याच्या हुकूमनाम्यास स्थगिती देताना भाडेकरूवर वाजवी रक्कम भरण्याची अट घालता येते. ती रक्कम जुन्या भाड्याइतकीच असली पाहिजे असे नाही. आमच्या मालकीणबाईंना अनेक वर्षे नाममात्र भाडे मिळत होते. आम्ही वेळीच अर्ज केला असता, तर त्यांच्या पदरात न्याय्य रक्कम पडली असती आणि मुलांचे छप्परही टिकले असते.

दुसरा गैरसमज असा की, स्थगिती मिळाली म्हणजे आपण जिंकलो. तसे नाही. श्री चामुंडी मोपेड्स प्रकरणात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, आदेशास स्थगिती देणे आणि तो रद्द करणे या भिन्न गोष्टी होत. स्थगित झालेला आदेश अस्तित्वात असतोच. अट मोडली किंवा अपील फेटाळले गेले, तर तो पुन्हा उभा राहतो.

तिसरी गोष्ट वेळेची. अंमलबजावणी करणाऱ्या न्यायालयास स्थगितीची माहिती मिळण्यापूर्वी जी कारवाई झाली, ती केवळ स्थगितीच्या कारणाने निरर्थक ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली मुळराज प्रकरणात म्हटले आहे. सबब आदेश मिळताच तो खालील न्यायालयास त्याच दिवशी कळविण्याची व्यवस्था करावी. प्रत पोहोचेपर्यंत अपीलकर्त्याने स्वतःच्या माहितीवरून केलेल्या शपथपत्रावरही ते न्यायालय कार्यवाही थांबवू शकते.

यास्तव आपणांस माझी विनंती आहे. शाळेसंबंधी निकाल झाला, की त्याची तारीख व तपशील त्याच दिवशी गटशिक्षणाधिकाऱ्यांस लेखी कळवा. अपील दाखल झाले असे सांगण्यात आले, तर चार प्रश्न लेखी विचारा: स्थगितीचा अर्ज केला काय? ती मिळाली काय? कोणत्या तारखेपर्यंत? आणि कोणत्या अटींवर? स्थगितीच्या आदेशाची प्रमाणित प्रत शाळेच्या दप्तरात ठेवा. बेलीफ आलाच, तर त्यास अडवू नका. वॉरंट वाचा, प्रत दाखवा आणि वरिष्ठांस तत्काळ कळवा.

त्या शाळेचे पुढे काय झाले, ते सांगून पुरे करतो. काही महिन्यांनी अपिलाचा निकाल आमच्या बाजूने झाला. हुकूमनामा फिरला, तर गेलेली वस्तू परत मिळवून देण्याची तरतूद संहितेच्या १४४ व्या कलमात आहे. तिच्या आधारे खोल्या परत मिळाल्या. मुख्याध्यापकांनी नकाशे पुन्हा त्याच खिळ्यांना अडकविले. परंतु सभामंडपातल्या त्या दिवसांत चौथीच्या वर्गातील एका मुलीचे नाव हजेरीपटावर आधी अनियमित आणि मग कायमचे गैरहजर झाले. मी दोन वेळा तिच्या घरी गेलो. तोवर ती आईबरोबर कामावर जाऊ लागली होती. तिला परत आणून देणारे कलम कोणत्याही संहितेत नाही.

तेव्हापासून कोणी मला "अपील केले आहे" असे सांगितले, की मी त्या बेलीफाचाच प्रश्न विचारतो. आपणही तो विचारीत जावा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.