पाहुण्याची ओळख



महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सत्पुरुषांना अर्पण केला. त्याआधीच, १८६७ मध्ये, वॉशिंग्टन येथे हॉवर्ड विद्यापीठ स्थापन झाले होते. कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाचे ते एक प्रमुख पीठ ठरले.

या विद्यापीठातील प्राध्यापक हॉवर्ड थर्मन १९३६ साली बारडोली येथे महात्मा गांधींना भेटले. त्यांचे सहकारी डॉ. बेंजामिन मेज यांनी पुढे वर्ध्यात गांधीजींशी अहिंसेविषयी चर्चा केली. याच प्रवासात म्हैसूर भागातील अस्पृश्य मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी मेज यांची ओळख ‘अमेरिकेतील अस्पृश्य’ अशी करून दिली. मेज प्रथम दुखावले. मग स्वदेशात आपलीही तीच गत आहे, हे त्यांना उमगले. हेच मेज पुढे मोरहाऊस महाविद्यालयाचे अध्यक्ष आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचे मार्गदर्शक झाले.

सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणजे केवळ हारतुरे व नृत्यगीते नव्हेत. शिरूर तालुक्यात रांजणगावच्या कारखान्यांत परप्रांतीय कामगार आहेत. दौंडच्या फडांवर ऊसतोडणी मजुरांची कुटुंबे हंगामात दुरून येतात. त्यांची मुले वर्गाच्या कोपऱ्यात बसतील, की फळ्यापुढे उभी राहून आपल्या गावची गोष्ट सांगतील, हे शिक्षकांच्या व पंचायतींच्या हाती आहे. वॉशिंग्टन दूर असेल. मजुराची कोपी मात्र गावच्या शिवारातच आहे.