शंभर फुटांचें अंतर



करवीर नगरीचें आणि विमानाचें नातें आजचें नव्हे. छत्रपति राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत, १९३९ सालीं, उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ सुरू झाला. पुढें २०१८ सालीं ‘उडान’ योजनेखालीं येथून नियमित प्रवासी सेवा पुन्हां सुरू झाली आणि विमानप्रवास ही सामान्य गृहस्थालाहि आवांक्यांतली गोष्ट वाटूं लागली. तरीहि एक शंका पुष्कळांच्या मनांत घर करून असते. आकाश एवढें अफाट. मग दोन विमानें एकमेकांसमोर येतातच कशीं?

या शंकेचें उत्तर साखर-कारखान्याच्या दारांत सांपडतें. ऊस पिकतो शेंकडों शिवारांत. पण गाळपाच्या हंगामांत साऱ्या गाड्यांना अखेर एकाच वजनकांट्यावरून जावें लागतें. गर्दी शिवारांत नसते, ती कांट्याच्या तोंडाशीं होते. विमानांचेंहि तसेंच. मुंबईच्या सहार विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत. पण त्या एकमेकींना छेदून जात असल्यामुळें एका वेळीं बहुधा एकच वापरतां येते. त्या जागेवरून २०१८ च्या डिसेंबरांत एका दिवसांत हजाराहून अधिक विमानांनीं ये-जा केली. शिवाय गाडीवानाला बैल थांबवून उभें राहतां येतें. विमानाला तें साधत नाहीं. पाळी येईपर्यंत त्याला वर घिरट्या घालीत राहावें लागतें.

म्हणून आकाशांतहि मजले पाडलेले असतात. वरच्या आणि खालच्या विमानांत निदान एक हजार फूट उंचीचें अंतर राहावें, अशी व्यवस्था जमिनीवरचा नियंत्रक करतो. प्रत्येक वैमानिकानें आपला मजला सोडूं नये, या एका गोष्टीवर सारा डोलारा उभा असतो.

तो मजला सुटला म्हणजे काय होतें, हें १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं हरियाणांतील चरखी दादरीच्या आकाशांत दिसलें. सौदी अरेबियाचें विमान दिल्लीहून निघून वर चढत होतें. कझाकस्तानचें विमान दिल्लीकडे उतरत होतें. एकाला चौदा हजार फुटांची आज्ञा होती, दुसऱ्याला पंधरा हजारांची. उतरणारें विमान आपल्या मर्यादेच्या खालीं आलें आणि दोघांची टक्कर झाली. ३४९ माणसें मृत्युमुखीं पडलीं. न्यायमूर्ति लाहोटी यांच्या आयोगानें चौकशी केली. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांची वाट एकच होती आणि त्या वेळच्या दिल्लीच्या रडारला विमानाची उंची कळत नव्हती. त्यानंतर वाटा वेगळ्या झाल्या, नवें रडार आलें, आणि प्रवासी विमानांत टक्कर टाळणारें यंत्र भारतानें सक्तीचें केलें.

या यंत्राचें नांव टीकॅस. तें आसपासच्या विमानांना क्षणोक्षणीं रेडिओ-लहरींनीं विचारणा करतें आणि आलेल्या उत्तरांवरून अंतर व उंची ताडतें. धोका दिसतांच प्रथम सूचना देतें. धोका अधिक जवळ आला, कीं थेट आज्ञा सोडतें. दोन्ही विमानांतील यंत्रें आपसांत बोलून ठरवितात, आणि एकाला चढावयास सांगितलें तर दुसऱ्याला उतरावयास सांगतात. समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांतील अंतर सेकंदाला अर्धा किलोमीटर या वेगानें तुटत असतें. तेथें विचारविनिमयाला अवसर कोठला?

पण यंत्र एक सांगतें आणि माणूस दुसरें, असें झालें तर? १ जुलै २००२ च्या रात्रीं जर्मनींतील यूबरलिंगेन गांवावर हेंच घडलें. रशियन विमानाला यंत्र ‘चढा’ म्हणत होतें, नियंत्रक ‘उतरा’ म्हणत होता. वैमानिकांनीं माणसाचें ऐकलें. समोरचें विमान आपल्या यंत्राच्या आज्ञेनें उतरतच होतें. ७१ जीव गेले. त्यांत बहुसंख्य मुलें होतीं. तो नियंत्रक त्या वेळीं दोन जागांचें काम एकटा सांभाळीत होता. त्यानंतर जगभर नियम स्पष्ट करण्यांत आला: यंत्राची आज्ञा आली, कीं तीच पाळावयाची.

या नियमाची कसोटी आपल्या महाराष्ट्रावरहि लागली. ७ फेब्रुवारी २०१८ रोजीं मुंबईच्या हवाई क्षेत्रांत दिल्लीहून पुण्याकडे येणारें विस्ताराचें विमान आणि मुंबईहून भोपाळला निघालेलें एअर इंडियाचें विमान समोरासमोर आलीं. त्या वेळच्या वृत्तांनुसार दोघांच्या उंचींतील अंतर अवघें शंभर फूट उरलें होतें. त्या विमानांच्या पंखांचा विस्तारहि याहून अधिक भरतो! दोन्ही विमानांत मिळून २६१ प्रवासी होते. यंत्रानें आज्ञा दिली. एअर इंडियाच्या विमानाच्या प्रमुख कॅप्टन अनुपमा कोहली यांनीं ती तत्काळ पाळली, आणि अनर्थ टळला. चरखी दादरीला व यूबरलिंगेनला जे गेले, त्यांच्या मरणांतून घडलेल्या नियमानें या माणसांना घरीं पोंचविलें, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. कोणालाहि ओरखडा उठला नसतां या प्रसंगाची चौकशी झाली. आपल्या व्यवहारांत ‘थोडक्यांत निभावलें’ म्हणून माणूस देवाला नारळ फोडतो आणि तो प्रसंग विसरतो. विमानविद्येंत मात्र टळलेल्या अपघाताचीहि नोंद होते, कारण शोधलें जातें, आणि सांपडलेलें कारण इतरांस कळविलें जातें.

उजळाईवाडीच्या त्याच माळाजवळून पुणें-बंगळूर महामार्ग जातो. तेथें दोन वाहनें केंसभर अंतरानें एकमेकांच्या बाजूनें निसटतात, चालक क्षणभर घाम पुसतात आणि पुढें निघतात. त्या क्षणाची नोंद कोठेंहि होत नाहीं. वरच्या मार्गावरची ही शिस्त खालच्या मार्गावर उतरेल, तर पुष्कळ घरांचे दिवे विझावयाचे राहतील.