खर्च आपल्या नावावर, पाणी कुणाच्या?
(बमरोली, सुरत इथल्या मराठी तरुणांच्या बैठकीतलं भाषण)



इथे बसलेले बरेचजण धुळे, नंदुरबार, जळगावकडचे. गावाला शेत आहे, पण पाणी नाही, म्हणून इथे लूमवर आणि मिलमध्ये.

आपल्या बमरोलीतच बघा. २०१४ पासून महापालिका इथे सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या मिलना विकते. सुरुवातीची क्षमता रोज ४ कोटी लिटर. तिकडे नंदुरबारात तापीवर प्रकाशा आणि सारंगखेडा बॅरेज बांधले. पाणी अडलं, पण ते शेतात नेणाऱ्या उपसा योजना वर्षानुवर्षं बंद राहिल्या. पाणी पुढे उकाईत, उकाईतून सुरतेत. आणि पाण्यामागे आपण!

आता हिशोब कसा होतो ते ऐका. प्रदेशाचा खर्च भागिले लोकसंख्या, म्हणजे दरडोई खर्च. त्यात वाया गेलेला रुपयाही 'तुम्हाला दिला' म्हणूनच धरतात. काम रखडलं, किंमत वाढली, की दरडोई आकडा उलट फुगतो. म्हणजे ज्याचं नुकसान जास्त, तो कागदावर जास्त लाडका!

राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून दिसलं, की दहा वर्षांत सिंचित क्षेत्राचं प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढलं. तेव्हा ७० हजार कोटींच्या खर्चाचा आकडा गाजला. माणशी भागा, सहा हजारांच्या वर येतो. तुमच्या बांधापर्यंत त्यातलं काय आलं?

१९८४ साली दांडेकर समितीने जिल्हावार अनुशेष मोजला आणि त्याचे रुपये मांडले : ३,१८६ कोटी. पुढे रुपये खर्च झाले की अनुशेष संपला, असं कागद बोलू लागले. अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाण्यात आर्थिक अनुशेष मिटला, तरी सिंचनाचा भौतिक अनुशेष उरलाच. विदर्भ, मराठवाड्याची नावं तरी ३७१(२) कलमात आहेत. आपला खानदेश त्यात 'उर्वरित महाराष्ट्र'. पुणे-कोल्हापूरच्या सरासरीत आपली तहान दिसतच नाही.

म्हणून सुट्टीत गावी गेलात, की ग्रामसभेत 'किती निधी आला?' एवढंच विचारू नका. माहिती अधिकारात लेखी विचारा : आमच्या शिवारात यंदा किती हेक्टर भिजलं? योजना बंद असेल, तर कधीपासून आणि का? रुपयांचं उत्तर दिलं, तर पुन्हा हेक्टरच विचारा.

जय महाराष्ट्र!