वक्र रुळावरचा सूर्य



यंत्राचा नमुना करू पाहणारा विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतो तो हा : "सर, मोटर कोणती घेऊ?" माझ्या मते हा प्रश्न शेवटचा आहे. एक उदाहरण घेतो.

वास्तुशास्त्राच्या अभ्यासात 'हेलिओडॉन' नावाचे साधन वापरतात. टेबलावर घराची प्रतिकृती ठेवायची, तिच्यावर अर्धवर्तुळाकार रूळ उभारायचा आणि त्यावरून दिवा फिरवायचा. तो दिवा म्हणजे सूर्य. तीन वाजता ऊन कोणत्या खोलीत शिरते, हे घर बांधण्यापूर्वीच दिसते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही काही चैनीची माहिती नव्हे.

रुळाची त्रिज्या १ मीटर धरू. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे रुळावर सुमारे २६ सेंटिमीटर. मिनिटाला साधारण ४.४ मिलिमीटर. आकाशातले सूर्यबिंबच अर्धा अंश रुंद दिसते, म्हणजे येथे जवळजवळ ९ मिलिमीटर. मग शतांश मिलिमीटर अचूकतेची महागडी मोटर कशासाठी? पालकांनो, मुलगा कॅटलॉग घेऊन आला तर पैशाआधी हा हिशेब मागा.

खरी अडचण वजनाची आहे. दिवा आणि गाडा मिळून ३ किलो समजा. सकाळी, रुळाच्या पायथ्याशी, जवळजवळ सारा भार मोटरला उचलावा लागतो. माध्यान्ही काहीच नाही. दुपारनंतर मात्र वजनच गाड्याला खाली ओढू लागते आणि मोटरला उलट लगाम धरावा लागतो. याच माथ्यावर दातांमधली ढिलाई एका बाजूकडून दुसरीकडे जाते व दिवा किंचित पुढे झुकतो. नारायणगावजवळ खोडद येथील ४५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणींना अशी ढिलाई परवडत नाही, म्हणून तेथे एकाच अक्षाला दोन मोटरी परस्परविरुद्ध ताण देत ठेवल्या आहेत. आपल्या दिव्याला ती चालते.

दिवा लांब दांड्याने मधल्या आसाला जोडला तर आसावर सुमारे ३० न्यूटन-मीटरचा पीळ येतो. त्याऐवजी रुळावर सायकलची साखळी पक्की बसवून गाड्यावरचे १० दातांचे चाक तिच्यावरून चालवले, तर हाच पीळ ०.६ च्या आसपास उतरतो. मोठ्या कमानीवर दाते कापून घेण्याचा खर्चही वाचतो.

आणि वीज गेली तर? प्रतिकृतीवर वाकून पाहणाऱ्या मुलांच्या डोक्यावर तो तापलेला दिवा घसरत येईल. म्हणून मोटर व चाक यांच्यामध्ये ३० पटीचा वर्म गिअर घालावा. मोटर त्याला फिरवते. वजन सहसा मोटरला उलटे फिरवू शकत नाही. त्यात शक्ती बरीच वाया जाते, पण येथे मुळात लागते ती वॅटभरसुद्धा नाही, तेव्हा जाऊ द्या. थरथरीने वर्मही सरकू शकतो. सोबत वीज जाताच आवळणारा ब्रेक हवाच. या जोडणीत मोटरचा एक फेरा म्हणजे ४.२ मिलिमीटर, जवळजवळ सूर्याचे एक मिनिट!

आता मोटर. फेऱ्याला २०० पावले टाकणारी लहान स्टेपर मोटर पुरे. मात्र वीज परत आल्यावर आपण कोठे आहोत हे तिला कळत नाही. म्हणून सूर्योदयाच्या टोकाला एक स्विच बसवावा, दर वेळी गाडा आधी तेथे नेऊन मोजणी सुरू करावी, आणि पहिल्या चाचण्या दिव्याऐवजी ३ किलो वाळूची पिशवी लावून घ्याव्यात.