ग्रामसंघासाठी लॅपटॉप घेताना



आमच्या प्रभागातल्या ग्रामसंघांच्या सभांमध्ये सध्या एक विषय फिरतोय. संघासाठी लॅपटॉप घ्यायचा. बजेट बहुतेकींनी ३५ ते ४० हजार धरलंय. आता ३५-४० हजार म्हणजे काही थोडे नाहीत. चार चांगल्या शेळ्या येतील एवढे पैसे आहेत. आणि ते कुणा एकीचे नाहीत. कर्जाचं व्याज, उशिराचा दंड, पापड-मसाल्यातला नफा असा रुपया रुपया साठून झालेला तो पैसा आहे. म्हणून आज आम्ही समन्वयक जे ऐकतो, बघतो आणि दुकानात सोबत जाताना शिकलो, ते सांगतो.

दुकानात जायच्या आधी सभेत एक काम करा. लॅपटॉपवर नेमकं काय करणार, ते वहीत लिहून काढा. आमच्या सभांमध्ये निघालेली कामं अशी: गटांचे हिशोब, बँकेला द्यायची कर्जाची फाइल, ठराव आणि पत्रं मराठीत टाइप करणं, मसाल्याच्या पाकिटांची लेबलं, ऑनलाइन प्रशिक्षण, आणि मुलींचे परीक्षेचे फॉर्म. यातलं एकही काम जड नाही. महागडं ग्राफिक्स कार्ड लागतं ते गेम खेळणाऱ्याला नाहीतर व्हिडिओचं मोठं काम करणाऱ्याला. ते आपल्याला नको. आणि ज्या संघाचं काम अजून महिन्याला दोन कागदांचं आहे, त्यांनी लॅपटॉप घेऊच नये, असं आम्ही तोंडावर सांगतो. तेवढ्याला झेरॉक्सचं दुकान आणि मोबाइल पुरतो.

काही जणी म्हणतात, त्यापेक्षा मोठा कॉम्प्युटर स्वस्त पडेल. पडतोही. पण आपल्याकडची लाइट तुम्हाला माहीतच आहे. हिशोब भरता भरता गेली, की भरलेलं सगळं गेलं. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते आणि तो सभेच्या ठिकाणी उचलून नेता येतो. ग्रामसंघाला लॅपटॉपच बरा.

आता दुकानातली भाषा. तिथे रॅम, एसएसडी, जनरेशन असे शब्द अंगावर येतात. घाबरायचं नाही. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा, आणि साठवण म्हणजे कोठी. ओटा लहान असला की कोठीत कितीही धान्य असो, एका वेळी दोन भांडी ठेवायला जागा नाही. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपचं तसंच होतं. हिशोबाची शीट उघडली, बँकेची वेबसाइट उघडली, की तो गोल गोल फिरत बसतो. ८ जीबीच्या खाली येऊ नका. पुढे वाढवायला रिकामी जागा आहे का, तेही विचारा. काही लॅपटॉपमध्ये रॅम आतच जोडून टाकलेली असते, ती वाढत नाही.

साठवणीत एसएसडीच मागा. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते. आपला लॅपटॉप एसटीतून, स्कूटीवरून, पायाशी पिशवीत ठेवून फिरणार. चालू असताना धक्का बसला की तबकडी खराब होऊ शकते. एसएसडीत फिरणारं काही नाही आणि लॅपटॉप चालू व्हायलाही वेळ लागत नाही. २५६ जीबी आपल्या कामाला चालते, ५१२ मिळाली तर उत्तम. फार स्वस्त लॅपटॉपवर ईएमएमसी लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा ६४ किंवा १२८ जीबी. विंडोजच त्यातली बरीच जागा खातं. तो सोडून द्या.

प्रोसेसरबद्दल दुकानदार सगळ्यात जास्त बोलतो, पण आपल्याला त्यात सगळ्यात कमी डोकं लावायचंय. आय थ्री किंवा रायझन थ्री, अलीकडच्या पिढीचा, एवढं बस. आय सेव्हन आहे ताई, म्हणून कुणी आठ-नऊ वर्षं जुना पुढे करेल. नावावर जाऊ नका. नवा आय थ्री त्या जुन्या आय सेव्हनपेक्षा आपल्या कामाला चांगला.

जुन्या लॅपटॉपचा विषय निघालाच आहे तर नीट सांगतो, कारण फसवणूक इथेच जास्त होते. शहरातल्या कंपन्या वापरलेले लॅपटॉप काढून टाकतात आणि ते साफ करून अर्ध्या किमतीत विकले जातात. त्यातले काही खरंच चांगले असतात. पण विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे. म्हणजे त्यावर बँकेचं काम करणं दाराला कडी नसलेल्या घरात दागिने ठेवण्यासारखं. विंडोज ११ रीतसर चालायला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. ओळखायचं कसं? आय फाइव्हच्या पुढे जो आकडा असतो, ८२५० असा, त्यातला पहिला अंक पिढी सांगतो. ८ म्हणजे आठवी. ११३५ असेल तर अकरावी. ६ किंवा ७ ने सुरू झाला तर नमस्कार करून निघा. पिढी बरोबर असली तर चार्जर काढून अर्धा तास दुकानातच चालवा आणि बॅटरी किती उतरते ते बघा. प्रत्येक बटण दाबून बघा. बंद करून पुन्हा चालू करताना कुठल्या कंपनीचा पासवर्ड तर मागत नाही ना, तेही बघा. आणि लेखी गॅरंटी नसेल तर घेऊ नका.

नव्या लॅपटॉपमध्येही एक मेख असते. खोक्यावर विंडोज आहे की डॉस, हे वाचा. डॉस असेल तर त्यात विंडोज नाही. म्हणूनच तो स्वस्त दिसतो. मग दुकानदार म्हणतो, मी टाकून देतो ना ताई, फुकट. ते चोरीचं विंडोज असतं. आमच्या ओळखीच्या एका संघाला तालुक्याच्या दुकानात असाच लॅपटॉप मिळाला. तीन महिन्यांनी पडद्यावर सतत सूचना यायला लागल्या, दुकानदार प्रत्येक वेळी दुरुस्तीचे पैसे घ्यायचा. शेवटी विंडोज विकत घ्यावंच लागलं. वर्ड-एक्सेलचंही तसंच. काही लॅपटॉपवर ते कायमचं असतं, काहींवर फक्त थोडे दिवस चाखायला. विचारून घ्या. नसेल तर लिब्रेऑफिस नावाचं मोफत मिळतं, हिशोबाला आणि पत्राला ते पुरतं.

मराठी टायपिंगसाठी वेगळे पैसे देऊ नका. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड असतोच, सेटिंगमध्ये भाषा जोडली की झालं. हे युनिकोड मराठी. दुकानातून टाइप करून आणलेल्या जुन्या फॉन्टच्या फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या की अक्षरांच्या जागी कीडमुंग्या दिसतात, हे आपण पाहिलंय. युनिकोडमध्ये ते होत नाही.

आता पैसे द्यायची वेळ. दुकानदार बॅग, माउस, अँटिव्हायरस असं गाठोडं पुढे करतो. बॅग हवीच, ती भांडून फुकट घ्या. अँटिव्हायरस विंडोजमध्ये आधीच असतो. वाचलेले पैसे जास्तीच्या वर्षाच्या वॉरंटीत घाला, आमचा आग्रह तिथे आहे. सर्व्हिस सेंटर कुठे आहे, हे विचाराच. घरी येऊन दुरुस्ती करतो म्हणाले तर आपल्या गावाचा पिनकोड त्यात बसतो का, ते समोर बसून तपासायला लावा. दहा-वीस रुपयांच्या भाजीला आपण चार ठिकाणी भाव करतो, इथे का लाजायचं?

बिल पक्कं, जीएसटीसकट, ग्रामसंघाच्या नावाने. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो, तो वाचवतो म्हणून कच्च्या पावतीवर देणाऱ्याकडून घेतलं तर पुढे वॉरंटीला दाद नाही. पैसे संघाच्या खात्यातून, चेकने किंवा ऑनलाइन. एखादीच्या मुलाच्या कार्डावर हप्त्याने घेऊ, संघ त्याला पैसे देईल, हे करू नका. हप्ता बिनव्याजी म्हटलं तरी प्रक्रिया शुल्क वेगळं लागू शकतं, आणि वस्तू कागदावर त्या मुलाची होते. दुकानदार तक्रार ऐकतच नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आणि लॅपटॉप घरी आल्यावरचं. खरा गोंधळ इथे होतो, मैत्रिणींनो. लॅपटॉप सचिवताईंच्या घरी, चालू करून दिला त्यांच्या पुतण्याने, ईमेल टाकला त्याचाच, पासवर्ड त्याच्या मोबाइलवर. पुतण्या पुण्याला कामाला गेला की संघ दारात उभा. असं एका ठिकाणी झालंय, बायकांना स्वतःचा ताळेबंद बघायला दिवाळीपर्यंत थांबावं लागलं. नव्या विंडोजमध्ये तर बहुतेक वेळा साठवण आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची किल्ली, म्हणजे एक लांबलचक आकडा, त्या ईमेल खात्यात जाऊन बसते. खातं गेलं आणि लॅपटॉपने किल्ली मागितली, तर आतलं काही परत मिळत नाही. म्हणून ग्रामसंघाचा वेगळा ईमेल काढा. त्याला अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष दोघींचे मोबाइल नंबर जोडा. तो किल्लीचा आकडा कागदावर लिहून शिक्क्याच्या डब्यात ठेवा. पदाधिकारी बदलल्या की पासवर्ड बदलायचा आणि तसा ठराव लिहायचा. कुणाच्या घरी किती दिवस राहणार, मुलींना फॉर्म भरायला कुठल्या वारी मिळणार, तेही ठरावात घ्या. निदान तिघींनी तरी तो स्वतः चालू करून, शीट उघडून, बंद करायला शिकलंच पाहिजे. नवरा, मुलगा, पुतण्या यांची मदत जरूर घ्या, पण माउस आपल्या हातात ठेवून.

दर महिन्याच्या सभेनंतर सगळ्या फाइली एका पेनड्राइव्हवर उतरवा आणि तो लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता दुसऱ्या घरी ठेवा. हाताने लिहायचं रजिस्टर बंद करू नका. उन्हात, चुलीजवळ, गोधडीवर ठेवून लॅपटॉप चालवू नका, खालून हवा लागते त्याला.

आणि बिलाची त्याच दिवशी झेरॉक्स काढा. मशीनमधून येणाऱ्या त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं वर्षभरात उडून जातात, आणि वॉरंटी मागायला जाल तेव्हा हातात कोरा कागद असतो.