थेंबाचें भिंग

काचेच्या पट्टीवर पाण्याचा एक थेंब घ्यावा आणि ती पट्टी वर्तमानपत्राच्या ओळीवर धरावी. थेंबाखालचें अक्षर मोठें दिसूं लागतें. पृष्ठताणामुळें थेंबास गोलवा येतो, आणि पारदर्शक पदार्थाचा असा फुगीर पृष्ठभाग म्हणजेच भिंग. तें कोणी घासलेलें नसतें. मात्र घटकाभरांत तें वाळून जातें. असा थेंब कायमचा टिकवितां येईल काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

भिंग महाग कां पडतें, हें प्रथम पाहूं. काच घासून तिला अशी झिलई द्यावी लागते कीं, पृष्ठभागावरील उंचसखलपणा प्रकाशलहरीच्या लांबीहूनही पुष्कळ कमी राहावा. ही लांबी मिलिमीटरच्या सुमारें दोन हजाराव्या भागाएवढी असते. मोबाइल फोनांतील प्लॅस्टिकचीं भिंगें साच्यांतून निघतात खरीं. पण तो धातूचा साचाच तितक्या बारकाईनें कोरावा लागतो, आणि लाखों भिंगें काढलीं तरच त्याचा खर्च भरून निघतो. ज्यांना थोडींच भिंगें हवीं असतात, त्यांना हा मार्ग परवडत नाहीं.

कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटींतील डॉ. स्टीव्ह ली व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं एक सोपी युक्ति प्रसिद्ध केली. त्यांनीं सिलिकोन जातीचा एक पॉलिमर घेतला. तो मुळांत दाट व पारदर्शक द्रव असतो. काचेच्या पातळ पट्टीवर त्याचा थेंब घालून ती उलटी करावयाची. लोंबणाऱ्या थेंबास पृष्ठताण आवळून धरतो, गुरुत्वाकर्षण खालीं ओढतें, आणि या दोहोंच्या ओढींतून सुबक वक्रता तयार होते. मग सुमारें ७० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत ठेवला कीं थेंब घट्ट होऊन रबरासारखा लवचिक बनतो. त्यावर आणखी थोडा द्रव घालून हीच क्रिया पुन्हां केली म्हणजे टोकाची वक्रता वाढते व तिच्याबरोबर वर्धनशक्तीही. अशा रीतीनें १६० पटींपर्यंत मजल गेली. एका भिंगाचा खर्च सेंटाच्या आसपास, आणि तें बसवून फोनला जोडावयाचें उपकरण सुमारें दोन डॉलरांचें.

पुढच्याच वर्षीं, २०१५ सालीं, अमेरिकेंतील ह्यूस्टन विद्यापीठांत वेइ-च्वान शीह यांच्या मंडळींनीं तोच पॉलिमर तापविलेल्या पृष्ठावर थेंबाथेंबानें सोडला. द्रव फार पसरण्यापूर्वींच घट्ट होतो, म्हणून आकार हातीं राहतो. हें मऊ भिंग फोनच्या कॅमेऱ्यावर नुसतें ठेवलें तरी चिकटतें. त्याची वर्धनशक्ति १२० पट व खर्च सुमारें ३ सेंट होता.

परंतु, श्रोतेहो, मोठें दिसणें निराळें आणि स्पष्ट दिसणें निराळें. कॅनबेराच्या भिंगानें सुमारें ४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या अडीचशेंव्या भागाइतका बारकावा उमगतो. रक्तांतील तांबडी पेशी ७-८ मायक्रॉन रुंद असते. ती ओळखूं येईल. त्वचेवरील संशयास्पद डागाचें चित्र दूरच्या तज्ज्ञाकडे धाडतां येईल. क्षयाच्या जंतूची जाडी मात्र साधारणतः अर्ध्या मायक्रॉनच्याही आंत असते. त्याच्या नेहमींच्या तपासणीस हजार पटींचें उत्तम सूक्ष्मदर्शक यंत्र आणि सरावलेली नजर लागते. थेंबाच्या भिंगांत कांहीं दिसलें नाहीं, एवढ्यावरून रोग नाहीं असें कोणी ठरविलें, तर ही स्वस्ताई एखाद्याच्या जिवावर बेतेल.

म्हणून असें भिंग कोणाच्या हातीं देतांना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती सांगून दिल्यास त्याचा उपयोग लहान नाहीं. कांद्याच्या पापुद्र्यांतील पेशी, फुलांतील पराग, पाण्यांत वळवळणारे लहान जीव पाहावयास तें पुरेसें आहे. वर्गांत एकच यंत्र असलें म्हणजे तें बहुधा शिक्षकांच्या हातींच राहतें. दोन-चार पैशांचें भिंग फुटलें किंवा हरवलें तरी दुसरें करतां येतें, आणि म्हणूनच तें प्रत्येक मुलाच्या हातीं निर्धास्तपणें देतां येतें.