बाईची बारव बुजवायची नाही

(जिल्हा मेळाव्यातील भाषणावरून)



कापसाच्या भावावर सकाळी बोलून झाले, ज्वारीवरही झाले. आता आम्ही एका विहिरीबद्दल बोलणार आहोत. मागच्या मंडळींनी चहाला उठू नये, विषय लहान नाही.

आपल्याच जिल्ह्यात एका गावात जुनी बारव आहे. गाव तिला बाईची बारव म्हणते. कोण बाई, ते कुणाला सांगता येत नाही. म्हाताऱ्या एवढेच सांगतात की खालच्या कोनाड्यापाशी अक्षरांचा दगड होता, पोरी असताना आम्ही त्याच्यावर घागर टेकवायचो. तो दगड आता गाळात आहे. नळ आला, मग बोअर आले, बारवेत कचरा पडू लागला. आता ती बुजवून वर सभामंडप बांधायचा ठराव झाला आहे. ठराव करणारे परके नाहीत. त्यात आपले बिल्लेवालेही आहेत, म्हणून हे बोलणे.

अक्षरांच्या दगडाला काय किंमत असते ते पाहायचे तर सातारा जिल्ह्यात लिंब गावी जा. तिथल्या शेरीवाडीत बारामोटेची विहीर आहे. आम्ही काही जण मुद्दाम जाऊन आलो. शके 1641 ते 1646, म्हणजे इसवी सन 1719 ते 1724, या पाच वर्षांत ती बांधून झाली. बांधवून घेतली विरूबाई भोसले यांनी. छत्रपती शाहू महाराजांच्या वाड्यातला कारभार त्यांच्या हाती होता. सुमारे 110 फूट खोल, 50 फूट व्यासाची, अष्टकोनी. नाव बारामोटेची, पण मोटा पंधरा चालतील अशी सोय. एका वेळी पंधरा मोटा म्हणजे किती बैल, किती नाडे, किती माणसे, याचा हिशेब ज्याने धावेवर बैल हाकले आहेत त्याने मनात करावा. पाणी जायचे आमराईला. विहिरीवरच दगडी महाल आहे, भिंतींवर कोरीव काम आहे. आणि शिलालेखात बाईचे नाव आहे. तीनशे वर्षे झाली, नाव वाचता येते. विहिरीत पाणीही आहे.

ते नाव का टिकले? दगड जागेवर राहिला म्हणून. राजघराण्यातल्या बाईचे नाव कोरले गेले हे खरे. तिथे पाट्या वाहणाऱ्या बायांचे नाव कुठेच नाही. तसे आपल्याकडे तरी कुठे आहे? 1972 च्या दुष्काळात पाझर तलाव, नालाबांध, रस्ते झाले. खडी फोडली कुणी? इथे समोर बसलेल्या कितीतरी मायबहिणींनी, नाहीतर त्यांच्या आयांनी. मस्टरवर त्यांचे अंगठे होते. ती मस्टरे वाळवीने खाल्ली असतील. तलाव मात्र आहेत, आणि त्यांच्या खालच्या विहिरींना अजून पाणी येते.

नावाचा हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला, घरधनिणीच्या नावावर जमीन करून द्यायची. आज इथे किती जणांच्या सातबाऱ्यावर बायकोचे नाव आहे? हात वर करा. ... मोजले. आकडा बातमीपत्रात छापण्यासारखा नाही. कागदावर जे झाले, तेच दगडाचे व्हायला निघाले आहे.

काही जण म्हणतात, बुजवू नका, सुशोभीकरण करा. आतून सिमेंटचा गिलावा, फरशी, रंग. आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे, बांधकामातले फार कळते असे नाही. पण काळी माती आणि पाणी आम्हाला कळते. आपली भारी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती दर वर्षी भिंतीला रेटा देते. जुन्या बांधणीत दगडांच्या सांध्यांतून पाणी पाझरत आत येते, त्यामुळे मागे दाब साचत नाही. सांधे सिमेंटने बंद केले की पाणी मागे तुंबते आणि एखाद्या मोठ्या पावसाळ्यात भिंत पोट काढते. मग ठेकेदार सापडत नाही. सांधे भरायचेच असतील तर चुन्याने, आणि जाणकार गवंड्याकडून.

भिंतीतून उंबर, पिंपळ आले आहेत ते ओढून काढू नका, मुळाबरोबर दगड येतो. बुंधा कापा, फुटवा आला की पुन्हा कापा. गाळ काढायला यंत्र आत उतरवू नका, पायऱ्या फुटतील. पायापेक्षा खाली तर मुळीच खणू नका. वरच्या थरातली काच आणि प्लास्टिक वेगळे काढा. खालचा निव्वळ गाळ मुरमाड, हलक्या रानात पसरा. हलक्या जमिनीत तो ओल धरून ठेवतो, ज्वारीला त्याचा उपयोग होतो. म्हणजे मजुरीचा काही भाग तिथेच फिटतो. आपण शेतकरी, तोट्याचा धंदा पुष्कळ केला, हा त्यातला नाही.

सभामंडपाला आमचा विरोध नाही. गावठाणात दुसरी जागा आहे, आम्ही पाहून आलो. बारवेला दुसरी जागा नाही.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत ठराव मागे घेण्याचा विषय मांडायचा आहे. तो महिला आघाडीने मांडावा. त्या गावच्या बायांशी बोलणे झाले आहे. पुरुषांनी गप्प बसून हात वर करायचे. ठराव झाला की दुसऱ्या दिवशी गाळाला हात. फावडी, टोपल्या, दोर घरून आणा. अक्षरांचा दगड लागला तर त्याला खरवडू नका, घमेल्याने नुसते पाणी सोडा. ज्या म्हाताऱ्यांनी त्याच्यावर घागरी टेकवल्या, त्यांना काठावर बसायला खुर्च्या आणून ठेवायच्या आहेत. कोनाडा नेमका कुठे ते त्याच दाखवतील.